एकतिसावा खेळ

ऑफिसात तिला सगळे चाळणीबाई म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. तीस वर्षं तिने एका छापखान्यात प्रुफं तपासली होती. छापखाना बंद पडला तेव्हा वय बावन्न, चष्म्याचा नंबर साडेपाच, आणि येत काय होतं तर दुसऱ्यांच्या चुका काढायला. एवढ्या भांडवलावर व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागेल असं कुणी तिला सांगितलं असतं, तर तिने त्या वाक्यालाच लाल शाईने गोल केला असता.

कंपनी म्हणजे गाद्यांच्या दुकानावरच्या तीन खोल्या आणि सात माणसं. मालकांच्या डोक्यात एक कल्पना होती. चाळीस वर्षांपूर्वी एखादी गेम काढणारी कंपनी असती, तर तिने दहा-बारा वर्षांत जे जे खेळ काढले असते ते सगळे आज बनवायचे आणि एकाच पेटाऱ्यात घालून विकायचे. रंग मोजून सोळा. चित्रं चौकोनी ठिपक्यांची. संगीत म्हणजे पत्र्याच्या डब्यात अडकलेली चिमणी. पेटाऱ्यात चाळीस खेळ होते आणि एकाचा तोंडवळा दुसऱ्यासारखा नव्हता. अंतराळात गोळ्या झाडायच्या, फुटबॉल खेळायचा, मोटारी पळवायच्या, भुताच्या बंगल्यातून निसटायचं, राज्य सांभाळायचं, खुनी शोधायचा, गळ टाकून मासे धरायचे. एका खेळात तर नुसती भाजी लावायची आणि पाणी घालायचं.

चाळणीबाईचं काम हे सगळे खेळ चुकीचे खेळून बघणं. शहाणा माणूस दारातून आत जातो. ती भिंतीला डोकं लावून अर्धा तास उभी राहायची, भिंत कंटाळून आत घेते का बघायला. गोलकीपरला घेऊन मैदानाबाहेर चालत सुटायची. मासा गळाला लागला की त्याच क्षणी कंट्रोलरची वायर उपटायची. चूक सापडली की कॉम्प्युटरवरच्या यादीत नंबर घालून लिहायची. जो तो आपापली चूक दुरुस्त करायचा, मग ती पुन्हा तपासायची आणि समोर शेरा मारून चूक बंद करायची. तिच्या शेऱ्याशिवाय कुठलीच चूक बंद होत नसे. मालकसुद्धा करू शकत नसत.

त्या सात जणांत एकाला ठिपके म्हणत. पस्तिशीचा, अंगाने काडी, बोलायला मवाळ. चाळीसपैकी अकरा खेळ त्याने एकट्याने रचले होते. चित्रं काढताना तो एकेक ठिपका हाताने ठेवायचा, आणि कुणी सोपी युक्ती सुचवली की म्हणायचा, "तसं दिसतं, पण तसं असत नाही." चाळणीबाईशी त्याचं जमायचं. दुपारचा चहा दोघं जिन्यात उभं राहून प्यायचे. ती त्याला अरे-तुरे करायची, तो तिला बाई म्हणायचा.

त्याचा जीव एकतिसाव्या खेळात होता. खेळाचं नाव 'वीजघर'. बाहेर वादळ चाललंय, बारा मजली वीजघरात एक वायरमन शिडी खांद्यावर टाकून फ्यूज बसवत वर वर जातोय, एवढीच गोष्ट. ठिपकेचे वडील वायरमन होते. कामावरच गेले. हे त्याने एकदाच सांगितलं होतं, जिन्यात, कपाच्या तळाकडे बघत.

पेटारा निघायला दोन महिने असताना चाळणीबाई वीजघराच्या बाराव्या मजल्यावर पोहोचली. तपासणीसाठी एक चोरवाट ठेवलेली होती. तीन बटणं एकदम दाबली की हव्या त्या मजल्यावर जाता यायचं. बाराव्या मजल्याला छप्पर नव्हतं आणि डोक्यावर वीज नाचत होती. अख्खा पडदा लाल, पांढरा, लाल, पांढरा. तिने घड्याळ लावून मोजलं. सेकंदाला आठ वेळा. चार मिनिटांत तिचं डोकं ठणकायला लागलं. घरी गेल्यावर तिने याबद्दल वाचलं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा असा लखलखाट नको, विशेषतः लाल रंगाचा, असा नियमच होता. काही माणसांना त्याने फिट येते, आणि आपण त्यातले आहोत हे पुष्कळांना तोपर्यंत ठाऊकही नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने यादीत लिहिलं: नंबर ११८४. वीजघर. सर्व मजल्यांवरची वीज फार वेगाने चमकते. धोकादायक. कमी करा.

ठिपके तिच्या टेबलाशी आला.

"बाई, वीज आहे ती. सावकाश कशी चमकेल?"

"नको चमकू दे. नुसता गडगडाट कर."

"वादळात माणूस मजल्यावर एकटा आहे. ते जाणवायला नको?"

"जाणवायला पाहिजे, मरायला नको," ती म्हणाली. पुढे बरेच महिने हे वाक्य तिच्या कानात राहिलं.

त्याने मान डोलावली. मालकांनी त्याचे दोन खेळ आधीच कंटाळवाणे म्हणून काढून टाकले होते आणि हा तिसरा हातचा जातोय की काय अशी धास्ती त्याच्या चेहऱ्यावर उघड दिसत होती. त्याने विजेचा वेग कमी करायला घेतला.

पेटारा द्यायच्या आदल्या दिवशी यादीत त्रेसष्ट चुका उघड्या होत्या. मालक खोल्यांमधून येरझारा घालत होते. "किती राहिल्या? किती राहिल्या?" सकाळपासून त्यांचा हाच जप. चाळणीबाई एकेक चूक तपासून बंद करत होती. संध्याकाळी सातच्या सुमाराला शेवटची उरली, ११८४.

शेवटच्या प्रतीतून चोरवाट काढून टाकलेली होती. बाराव्या मजल्यावर जायचं तर पहिल्या मजल्यापासून चढत जायला हवं, आणि ते दोन तासांचं काम. ठिपके शेजारी उभा होता.

"सगळीकडे बदललंय, बाई. आईची शपथ."

तिने पहिला मजला बघितला. वीज हळूच उजळत होती आणि विझत होती, डोळ्यांना काही त्रास नाही. दुसरा मजला तसाच. तिसराही. घरी तिची ताई होती, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झालेले, पट्टी बदलायची होती. चाळणीबाईने कंट्रोलर खाली ठेवला, यादीत ११८४ समोर लिहिलं, 'सर्व मजले तपासले. बरोबर.' आणि पर्स उचलली.

बाराव्या मजल्यावरची वीज ठिपकेने बाकीच्या मजल्यांपेक्षा वेगळी रचली होती, सगळ्यात शेवटी, वेगळ्या जागी. ती बदलायची राहिली होती. त्याच्या ते डोक्यातच आलं नाही. शपथ खोटी नव्हती, चुकीची होती.

पेटारा चांगला खपला. मालकांनी नव्या खुर्च्या आणल्या.

चार महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, एक गृहस्थ जिना चढून वर आले. साठीला टेकलेले, अंगात राखाडी गणवेश, खिशावर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा बिल्ला, हातात कापडी पिशवी. मालक बाहेर गेले होते. दार चाळणीबाईने उघडलं.

"इथे तो चाळीस खेळांचा पेटारा बनतो ना?"

"हो. काय काम होतं?"

"माझी मुलगी तो खेळत होती," ते म्हणाले. "खेळता खेळता गेली."

चाळणीबाईला आधी नीटसं कळलंच नाही. मग कळलं. तिने त्यांना आतल्या खोलीत बसवलं आणि पाणी दिलं. त्यांनी पेला हातात धरून ठेवला.

सांगताना ते चाचरत नव्हते; बरेचदा सांगून झालेलं दिसत होतं. मुलगी सव्वीस वर्षांची. कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. घरात बापलेक दोघंच. आठवड्याच्या सुट्टीला ती दुपारभर खेळायची. त्या दिवशी हे कामावरून घरी आले तर ती खुर्चीवरून खाली पडलेली होती, कानशील टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलेलं. डॉक्टर म्हणाले, आधी फिट आली असणार, मग पडली. पडद्यावर अंधारात 'खेळ संपला' एवढंच लिहिलेलं होतं आणि एक गाणं वाजत होतं. यांना ते बंद करता येईना. हाताला येतील ती बटणं दाबत सुटले आणि शेवटी वायर उपटली.

"तिला आधी कधी फिट आली होती?"

"बारा वर्षांची असताना शाळेत एकदा पडली होती. उपाशीपोटी आली असेल म्हणाले. आम्ही तेच धरून चाललो." त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. "मी तुम्हाला पत्र पाठवलं होतं. तुमच्या वकिलांनी हे उत्तर दिलंय. म्हणतात, चाळीसपैकी कुठल्या खेळाने झालं ते दाखवा. आता मला काय कळणार त्यातलं? मला लिफ्ट कळते. म्हटलं, ज्यांनी बनवलं त्यांनाच विचारावं."

पत्र आल्याचं चाळणीबाईला कुणीच सांगितलं नव्हतं. तिने कागद वाचला. सवयीने तिला त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका दिसल्या आणि स्वतःचीच शरम वाटली.

पिशवीत मुलीचं खेळायचं मशीन होतं, टॉवेलात गुंडाळलेलं. चाळणीबाईने ते पडद्याला जोडलं. प्रत्येक खेळाच्या आत नोंदीचं एक पान असायचं. खेळणारा कधी बसला, किती वेळ बसला, कुठवर पोहोचला, सगळं त्यात दिसे. ते पान कसं उघडायचं हे ऑफिसाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

कुठलं पान उघडायचं हे तिला तेव्हाच माहीत होतं. फिटचं नाव निघालं तेव्हाच कळलं होतं. तरी तिने एक नंबरपासून सुरुवात केली. का, असं नंतर तिला चौकशीत विचारलं गेलं. ती म्हणाली, "धीर होत नव्हता."

पहिला खेळ अंतराळाचा. खेळणाऱ्याच्या नावासाठी तीनच अक्षरांची जागा असे. तिथे लिहिलं होतं, 'कवळी'.

वडील एकदम हसले. "प्रयोगशाळेत तिला कवळीच म्हणायचे. चिडायची नाही. म्हणायची, बाबा, तुमची कवळी मी फुकट करून देणार, दात तेवढे वेळेवर पाडा."

तिसरा खेळ फुटबॉलचा. तीन सामने खेळलेली, तिन्ही हरलेली, पुन्हा कधी उघडला नाही. "तिला पळापळ आवडत नसे," वडील म्हणाले. सातव्यात मोटारींची शर्यत होती. तिथे नाव बदललं होतं. 'बाबा'. दोनच अक्षरं, तिसरी जागा मोकळी. गाडी बारा शर्यतींत बाराही वेळा शेवटी आली होती.

"मी गाडी सावकाश चालवतो," त्यांनी खुलासा केला. "त्यावरून चेष्टा करायची."

अकराव्यात तिने खुनी म्हणून माळ्याला पकडून दिलं होतं आणि माळी निर्दोष निघाला होता. सोळाव्यात भुताच्या बंगल्यात पहिल्याच खोलीतून परत फिरलेली. भाजीच्या खेळात मात्र एकोणीस तास घालवलेले. वाफे ओळीत, एकही तण नाही. वडील पुढे झुकून ते वाफे बघत राहिले. चाळणीबाईला वाटलं, हे असंच चालू राहावं. खेळ चाळीस नव्हे, चार हजार असावेत. ते आता प्रत्येक खेळाला काहीतरी सांगत होते. मासे तिला का आवडत नसत, राज्य चालवताना तिने कर का माफ केला असेल. पेला रिकामा झालेला त्यांना कळला नव्हता.

तिसावा झाला. चाळणीबाईचा हात थांबला.

"काय झालं?"

"काही नाही," म्हणत तिने एकतिसावा उघडला.

वीजघर. कवळी. खेळायला एक तास एकोणसाठ मिनिटं लागलेली. बारावा मजला. खाली तारीख, आणि वेळ दुपारची तीन बेचाळीस.

वडिलांनी तारीख वाचली. मग पुन्हा वाचली, ओठ हलवत.

"हाच का?"

"हो."

"मला बघायचंय तिने काय बघितलं ते."

"बघू नका."

"बाई, मी सहाव्या मजल्यावरून लटकून काम करणारा माणूस आहे. दाखवा."

तिने त्यांना खोलीच्या पार टोकाला उभं केलं, नियमाबरोबर वाचलं होतं तसं एक डोळा हाताने झाकायला सांगितला, दिवे लावले. खेळ बाराव्या मजल्यावरूनच पुढे सुरू झाला. वायरमन शिडी घेऊन उघड्यावर आला आणि वीज चमकायला लागली. लाल, पांढरा, लाल, पांढरा, भिंतींवर, टेबलावर, त्यांच्या राखाडी शर्टावर. दहा सेकंदांत तिने पडदा बंद केला. पण त्या दहा सेकंदांत दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. ठिपके. लखलखाट शेजारच्या खोलीच्या काचेवर पडला म्हणून तो उठून आला होता.

"हे बदललं होतं," तो म्हणाला. "मी हे बदललं होतं."

त्याने पडद्याकडे बघितलं, त्या अनोळखी माणसाकडे बघितलं, टॉवेलाकडे बघितलं. "बारावा वेगळा होता," तो स्वतःशीच पुटपुटला आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसला.

वडिलांनी डोळ्यावरचा हात काढला. "विकायच्या आधी हे कुणी तपासत नाही का?"

"मी तपासते," चाळणीबाई म्हणाली. "हे धोक्याचं आहे ते मीच लिहिलं होतं. दोन महिने आधी. मग दुरुस्त झालं म्हणून सांगितलं, आणि मी तीन मजले बघून शेरा मारला. सर्व बघितले असं लिहिलं."

"तीन बघून सर्व लिहिलं?"

"हो."

ते खुर्चीवर बसले. बराच वेळ त्यांनी पिशवीचे बंद बोटांना गुंडाळले आणि सोडवले.

"आमच्यात लिफ्टमध्ये कार्ड असतं," ते म्हणाले. "दर महिन्याला आत जाऊन दोर बघायचा, ब्रेक बघायचा, मग सही. एकदा, फार वर्षं झाली, मी वर न चढता सही केली. ताप होता अंगात. काही झालं नाही. त्या बिल्डिंगमधली माणसं वर-खाली करत राहिली." त्यांनी वर बघितलं. "माझ्या वेळी काही झालं नाही, एवढाच आपल्यात फरक. पण म्हणून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. माझ्याच्याने होणार नाही ते."

"मी माफी मागितली नाही," चाळणीबाई म्हणाली. "मला तोंड नाही."

"हे जे सांगितलंत ते लिहून द्याल?"

"देते."

तिने तिथेच बसून लिहिलं. सुवाच्य अक्षरात, तारीख घालून, काना-मात्रा न चुकता. त्यांनी कागद घडी करून वकिलाच्या उत्तरावर ठेवला, मशीन पुन्हा टॉवेलात गुंडाळलं, आणि जिना उतरून गेले. जाताना त्यांनी ठिपकेच्या अंगावर पाय पडू नये म्हणून अंग चोरून घेतलं. तो अजून चौकटीतच बसला होता.

मालक दुपारी आले. ऐकून आधी त्यांचा विश्वासच बसेना.

"तू कोण लिहून देणारी? मला विचारलंस?"

"तुम्ही मला पत्राचं सांगितलं होतं का, साहेब?"

"अगं, सात घरं चालतात यावर! तुझ्या एका कागदाने सातही बसतील. तो माणूस काय, उद्या विसरला असता."

"नसता विसरला."

"आणि मुलीला मुळातच आजार असेल तर? आपला काय संबंध?"

"असेलच. म्हणून तर नियम आहे."

मालक ओरडले, मग खाली बसले, मग मऊ झाले. कागद परत आणता येईल का, म्हणाले. तिने नाही म्हटलं. तिने यादीतला ११८४ पुन्हा उघडा केला आणि समोर खरं काय ते लिहिलं, म्हणजे ते कुणाला पुसता येऊ नये. दोन दिवसांत वीजघर पेटाऱ्यातून काढलं गेलं आणि आठवड्याने पेटाराच बाजारातून मागे घेतला. बातमी झाल्यावर आणखी दोन पत्रं आली. एका बाईला त्याच मजल्यावर फिट आली होती, पलंगावर होती म्हणून वाचली. दुसरा एक माणूस, शाळेत चित्रकला शिकवणारा, आता गाडी चालवू शकत नव्हता. ही पत्रं चाळणीबाईने स्वतः उघडली. मालकांनी आता सगळंच टपाल तिच्या टेबलावर फेकायला सुरुवात केली होती. "वाच. हौस आहे ना."

महिनाअखेर तिन्ही खोल्यांना कुलूप लागलं. नव्या खुर्च्या गाद्यांच्या दुकानवाल्याने घेतल्या.

ठिपके त्या मंगळवारनंतर ऑफिसात आलाच नाही. चाळणीबाई त्याच्या घरी गेली. त्याच्या बायकोने दार अर्धवट उघडलं. आतल्या खोलीचे पडदे ओढलेले होते.

"झोपलाय का?"

"जागाच असतो," बायको म्हणाली. "बाई, राग मानू नका, पण नका भेटू. तुमचं नाव काढलं की उलटी होते त्याला."

तिने दारातच विचारलं, "त्याला सांगशील का, की चूक शेवटी माझ्याकडून सुटली?"

"सांगितलं मी. तो म्हणतो, वीज मी बनवली."

चौकशी वर्षभर चालली. चाळणीबाईची साक्ष दोन वेळा झाली. मालकांच्या वकिलाने तिला विचारलं, इतक्या जबाबदारीच्या कामाला तुमचं शिक्षण काय? ती म्हणाली, छापखाना. लोक हसले. वडील प्रत्येक तारखेला यायचे, गणवेशातच, आणि मागच्या बाकावर बसायचे. दोघं एकमेकांना ओळख द्यायचे, एवढंच. निकालात म्हटलं होतं की खेळ धोकादायक होता, कंपनीने निष्काळजीपणा केला, मात्र मृत्यू त्यानेच झाला असं खात्रीने म्हणता येत नाही. कंपनी तर तोवर उरलीच नव्हती. वडिलांनी निकाल उभं राहून ऐकला आणि शेजाऱ्याला विचारलं, "म्हणजे काय झालं?" शेजाऱ्याला सांगता येईना. तेव्हा चाळणीबाईने पुढे होऊन सांगितलं, साध्या शब्दांत. त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले, आणि दुपारच्या कामावर गेले.

त्या दिवशी घरी आली तर ताई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. समोर टेबलावर साक्षीची प्रत. ताई तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी, दोघींनाही मूलबाळ नाही, दोघींनी एकमेकींनाच मूल मानलेलं. ताईने चष्मा काढला.

"सात वाजता निघालीस असं लिहिलंय यात. ती माझ्या ऑपरेशननंतरची संध्याकाळ."

"हो."

"वर्ष झालं, मला बोलली नाहीस. माझ्या पट्टीसाठी धावत आलीस तू. माझ्या मेल्या गुडघ्यापायी..."

"ताई, तसं नाही."

"मग कसं? मी एकटी होते म्हणून आलीस ना?"

चाळणीबाईला हो म्हणता आलं असतं. तिने सँडल काढल्या आणि समोर बसली. "त्या दिवशी मी तुला फोन केला होता. तू काय म्हणालीस आठवतं?"

ताई आठवू लागली. "शेजारीण आलीय म्हणाले. पट्टी ती बदलेल."

"आणि?"

"आणि... उशीर झाला तरी चालेल म्हणाले." ताई तिच्याकडे बघत राहिली. "मग का आलीस ग?"

"कंटाळा आला होता," चाळणीबाई म्हणाली. "दिवसभर बासष्ट चुका बंद केल्या होत्या. तोच जिना, तोच वायरमन, दोन तास चढायचं. नको वाटलं. एवढंच झालं."

ताईने साक्षीचे कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि टेबलाच्या एका बाजूला सारले. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दोन ताटं घ्यायला फळीकडे गेली.